पेस्ट कंट्रोलवाला वेगळा, डासांचा कीटकशास्त्रज्ञ वेगळा

पावसाळ्यात सोसायटीत डेंग्यूचा एक रुग्ण निघाला की घोडबंदर रोड असो वा घणसोली, पहिली मागणी धुराचीच होते. धूर होतो, थोडा वेळ खिडक्या बंद राहतात आणि डासांचा बंदोबस्त झाला असं सगळे धरून चालतात. म्हणूनच मुलीने प्राणिशास्त्र घेऊन पुढे वैद्यकीय कीटकशास्त्र करायचं म्हटलं, की घरचे विचारतात, ‘म्हणजे पेस्ट कंट्रोलच ना?’ नाही. दोघंही डासांच्याच मागे असले तरी ही कामं फार वेगळी आहेत.

पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवान्यावर चालतो. परवान्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी लागते, शिवाय मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. औषध किती पातळ करायचं, कुठे आणि कसं मारायचं, स्वतःला आणि घरातल्यांना कसं जपायचं, हे त्याला पक्कं यावं लागतं. काम कष्टाचं आणि जोखमीचं आहे. पण त्याला बोलावतात ते डास मारायला. हा डास कोणता आणि आला कुठून, हे शोधायला त्याला कोणी सांगत नाही.

कीटकशास्त्रज्ञ सुरुवातच तिथून करतो. गच्चीवरच्या टाकीत किंवा बांधकामाच्या जागी साचलेल्या पाण्यात तो पांढरा डाव बुडवतो आणि अळ्या पाहतो. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी अ‍ॅनाफिलिसची. डोकं खाली करून लटकलेली असेल तर तिच्या शेपटीकडची श्वासनळी बघायची. आखूड आणि जाड असली तर बहुधा एडिस, लांब आणि बारीक असली तर क्युलेक्स. खात्री मग सूक्ष्मदर्शकाखाली होते.

या ओळखीवर पुढचं सगळं ठरतं. शहरी हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलिस स्टिफेन्सी टाक्यांत, विहिरींत, बांधकामावरच्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस इजिप्ती कुंड्यांखालच्या बशा, टायर, पिंपं धरतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नाल्याच्या घाण पाण्यातला क्युलेक्स रात्री छळतो, पण डेंग्यू त्याच्यामुळे होत नाही. डेंग्यूच्या भीतीने रात्री आठला फाटकाबाहेर धूर सोडला, तर तेव्हा उडत असतो मुख्यतः क्युलेक्स. एडिस घरात पलंगाखाली किंवा टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो. बशीतल्या अळ्यांना तर धुराने काहीच होत नाही. अशा वेळी पैसे धुरावर घालवण्यापेक्षा दर आठवड्याला भांडी घासून कोरडी करणं कितीतरी भलं, असं मला ठाम वाटतं.

दुसरं मोठं काम म्हणजे औषध अजून लागू पडतंय का, हे तपासणं. रक्त न प्यायलेल्या माद्या वीस-पंचवीसच्या गटाने औषध लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवतात, मग साध्या नळीत साखरपाणी देऊन चोवीस तासांनी मेलेल्या मोजतात. ९८ टक्के किंवा त्याहून जास्त मेल्या तर औषध चांगलं. ९० टक्क्यांच्या खाली मेल्या तर डास आता त्या औषधाला दाद देत नाहीत, ते बदलायला हवं. हे कोणी पाहिलंच नाही तर पालिका वर्षानुवर्षं तेच औषध मारत राहू शकते. डास चिरून पाहणंही याच कामात येतं. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचा परजीवी सापडला तो असाच, चिरलेल्या डासाच्या जठरात.

या वाटेला जायचं तर प्राणिशास्त्र किंवा जीवशास्त्राची पदवी हा नेहमीचा पाया. पुद्दुचेरीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर आहे. तिथे सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. पुढे संशोधन संस्था, राज्याचा आरोग्य विभाग, कीटकनाशक कंपन्यांच्या प्रयोगशाळा अशा जागा असतात. आरोग्य अभियानातल्या जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात, हे आधीच माहीत असावं. मला हे चुकीचं वाटतं. एखाद्या भागातले डास ओळखीचे व्हायला काही पावसाळे जावे लागतात. तेवढ्यात माणूस बदलला तर ती माहिती त्याच्याबरोबर जाते.

हे काम झेपेल का, हे पदवीच्या प्रोजेक्टातच पाहता येतं. कमिटीची परवानगी घ्या आणि आपल्या सोसायटीतल्या घरांची, गच्चीची पाहणी करा. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. तो काढायला बॅटरी, पांढरा डाव आणि वही पुरते. पाहणी जूनमध्ये एकदा करा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा.