बॅटऱ्या परत मागवण्याची पार्श्वभूमी: मोली एनर्जी ते लॅमिंग्टन रोड

1989 मध्ये कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीच्या लिथियम बॅटऱ्या जपानमधल्या मोबाइल फोनमध्ये पेटायला लागल्या. माल परत घ्यावा लागला आणि त्या धक्क्यातून कंपनी सावरलीच नाही. त्या बॅटरीत शुद्ध लिथियम धातू होता. पुन्हा पुन्हा चार्ज करताना त्यावर सुईसारखे काटे वाढतात आणि आतला पडदा भोसकून शॉर्ट सर्किट करतात. सोनीने 1991 मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीत धातूऐवजी कार्बन होता. म्हणजे आज जिच्या नावाने आपण घाबरतो ती बॅटरी मुळात सुरक्षित पर्याय म्हणून आली होती.

मग 2006 साली सोनीचाच माल परत का मागवावा लागला? त्या काळच्या लॅपटॉपच्या बॅटरीत 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असे गोल सेल असत. दुकानदार ‘सिक्स सेल’ म्हणतात ते हेच. प्रत्येक सेलमध्ये दोन पट्ट्या गुंडाळलेल्या आणि त्यांच्या मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा. सोनीच्या कारखान्यात सेलचा डबा दाबून बंद करताना धातूचे बारीक कण आत पडत होते. त्यातला एखादा नको त्या जागी सरकला की पडदा फाटायचा, सेल तापायचा आणि त्याच्या उष्णतेने शेजारचा सेल पेटायचा. ओसाकात एका परिषदेत धूर आणि ज्वाळा सोडणाऱ्या डेल लॅपटॉपचे फोटो त्या उन्हाळ्यात जगभर फिरले. 14 ऑगस्ट 2006 ला डेलने 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या. दहा दिवसांत अॅपलने 18 लाख मागवल्या, पाठोपाठ लेनोवो, तोशिबा आणि इतर आले. सोनीने हिशेब मांडला तेव्हा आकडा 96 लाख बॅटऱ्या आणि 51 अब्ज येनवर गेला.

मुंबईत या बातमीने फारशी खळबळ झाली नाही. तेव्हा लॅपटॉप होता तो ऑफिसचा, आणि त्याची काळजी ऑफिसचा आयटीवाला करायचा. घराघरात बॅटरी उघडून बघायची वेळ आली ती बरोबर वर्षाने, 14 ऑगस्ट 2007 ला. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 दरम्यान बनवलेल्या 4 कोटी 60 लाख ‘बीएल-5सी’ बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात, असं नोकियाने जाहीर केलं. 1100 पासून 6600 पर्यंत नोकियाच्या कितीतरी मॉडेलमध्ये हीच बॅटरी. लोक फोनचं झाकण काढून पाठीवरचा 26 आकडी-अक्षरी क्रमांक वाचू लागले, सर्व्हिस सेंटरबाहेर रांगा लागल्या. जगभरात नोंद होती ती तापल्याच्या सुमारे शंभर घटनांची. भीती त्याहून पुष्कळ मोठी होती, पण आपल्याकडच्या सामान्य गिऱ्हाइकाला ‘रिकॉल’ म्हणजे काय ते तेव्हा कळलं, हेही खरं.

सरकारी चौकट उशिरा आली. 2012 च्या आदेशाने लॅपटॉपसह 15 वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक त्या यादीत नंतर आल्या. बॅटऱ्यांचं मानक आयएस 16046. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश काढायचा अधिकार मात्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 20 ने दिला, आणि तो वापरणारं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै 2020 मध्ये उभं राहिलं. त्याआधीच्या मोठ्या रिकॉलमध्ये भारतीय गिऱ्हाइकाची भिस्त कंपनीच्या मर्जीवर आणि अमेरिकेतल्या दबावावर होती, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

2019 च्या जूनमध्ये अॅपलने सप्टेंबर 2015 ते फेब्रुवारी 2017 दरम्यान विकलेले काही 15 इंची मॅकबुक प्रो परत बोलावले. ऑगस्टमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलं की बॅटरी तपासून किंवा बदलून घेईपर्यंत ही मॉडेल विमानात नेऊ नका, हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

हे सगळे रिकॉल चालतात ते क्रमांकावर. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, नेमका तोच हरवतो. सेकंड हँड लॅपटॉपचा पहिला मालक कोण, हे नव्या मालकाला ठाऊक नसतं, त्यामुळे कंपनीचं पत्र भलत्याच पत्त्यावर जातं. ‘कंपॅटिबल’, म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेल्या चालणाऱ्या बॅटरीला तर पत्र पाठवणारीच कंपनी नसते. जुन्या पॅकमध्ये नवे सेल भरून देणारेही आहेत. अशा पॅकमध्ये एक सेल जुना, एक नवा असला की चार्जिंगचा ताळमेळ बिघडतो.

धोका गादीवर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपने वाढतो, कारण उष्णतेला जायला वाट राहत नाही. बॅटरी फुगली, टचपॅड वर आला, तर वापर थांबवायचा आणि ती टोचायची किंवा दाबायची नाही. पेट घेतलाच तर आग झाकून विझत नाही. तापलेल्या सेलमधून ऑक्सिजनही सुटतो. प्लग काढता येत असेल तर काढून भरपूर पाणी ओतायचं, म्हणजे शेजारचे सेल थंड राहतात. धूर विषारी असतो, म्हणून खोलीत धूर भरला तर लॅपटॉपचा नाद सोडून बाहेर पडायचं आणि 101 लावायचा. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी फुटून एका लहान मुलाचा जीव गेला. त्या बॅटरीपेक्षा लॅपटॉपची पुष्कळ लहान, पण दोन्हींच्या पोटातलं रसायन एकाच घराण्यातलं.

नवी बॅटरी घेताना पॅकवर ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधावा आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून बघावा. तिथे नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. ते नाव पॅकवरच्या नावाशी जुळत नसेल, तर बिल फाटायच्या आतच बॅटरी काउंटरवर परत ठेवता येते.