पर्युदराचा मेसोथेलिओमा : निदान

पोटाच्या पोकळीला आतून अस्तरासारखा लागलेला आणि आतड्यांवर पांघरलेला पातळ पडदा म्हणजे पर्युदर. या पडद्याच्याच पेशींत सुरू होणारा कर्करोग, म्हणजे पर्युदराचा मेसोथेलिओमा, विरळा. पडद्यावर गाठी दिसल्या तर त्या बहुतेक वेळा अंडाशय, जठर, मोठे आतडे किंवा अपेंडिक्स इथून पसरून आलेल्या असतात, आणि निदानाची अडचण इथेच आहे. मिलर आणि विन यांनी १९०८ साली या रोगाचे वर्णन केले. मेसोथेलिओमा फुप्फुसाच्या आवरणात सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल पर्युदरात.

बडोद्यात रावपुरा किंवा दांडिया बाजारच्या मराठी घरातून रुग्ण येतो तो ‘पोटात पाणी झालंय’ म्हणून. पँटचा हुक लागत नाही, परकराची नाडी पुरत नाही, पण दंड आणि मांड्या वाळलेल्या. वजनकाटा फसवतो, कारण अंग झिजते तेवढे पाणी भरत जाते. भूक मंदावते, दोन घास खाल्ले की पोट गच्च होते. या तक्रारींत या रोगाची म्हणून वेगळी खूण कोणतीच नाही.

आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तच आहे, कारण पोटाचा क्षय कितीतरी जास्त आढळतो. काढलेल्या पाण्यात एडीए हे विकर लिटरला साधारण ३९ युनिटांच्या वर असले की क्षयाकडे कल जातो. पण पडद्याचा तुकडा (बायोप्सी) न तपासता ‘सहा महिने औषध देऊन बघू’ हा मार्ग महाग पडतो. पाणी काढल्यावर काही दिवस बरे वाटते, ते श्रेय गोळ्यांना मिळते आणि मधले महिने हातचे जातात. स्त्रियांच्या बाबतीत दुसरा चकवा सीए-१२५ या रक्तात मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाचा. ते अंडाशयाच्या कर्करोगात वाढते, मेसोथेलिओमात वाढते, क्षयात वाढते आणि यकृत निकामी होऊन साठलेल्या पाण्यातही वाढते. वाढलेल्या आकड्यावरून थेट अंडाशयाचे नाव घेणे चूक.

सीटी स्कॅनमध्ये पडदा जाड झालेला, आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी चरबीची घडी घट्ट थापीसारखी आणि पाणी, असे चित्र दिसते. एखाद्या अवयवात मूळ गाठ सापडत नसेल, यकृतात डाग नसतील, तर पडद्याचाच रोग असू शकेल असे मनात धरावे. स्कॅन याहून पुढे नेत नाही. पाण्यातल्या पेशींची तपासणीही पुष्कळदा नुसती ‘प्रतिक्रियात्मक पेशी’ एवढेच सांगते. चिडलेली निरोगी मेसोथेलियल (म्हणजे पडद्याची) पेशी आणि कर्करोगी पेशी सुट्या पाहिल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. दुष्टपणा ओळखावा लागतो तो पेशी चरबीत घुसल्या आहेत का यावरून, आणि त्यासाठी चांगला मोठा तुकडा हवा. तो दुर्बिणीतून घेतात. छिद्र शक्यतो पोटाच्या मध्यरेषेवर करतात, कारण त्या वाटेवर रोग रुजू शकतो आणि पुढच्या शस्त्रक्रियेत ती जागा कापून काढता येते.

खरा निवाडा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने (मार्कर) रंगवून दाखवणाऱ्या तपासणीच्या, रंगांवर होतो. एका रंगावर विसंबत नाहीत. मेसोथेलियल पेशींचे किमान दोन आणि कार्सिनोमाचे (इतर अवयवांतून आलेल्या कर्करोगाचे) किमान दोन असे मार्कर एकत्र वाचतात. कॅलरेटिनिन, सीके ५/६ आणि डी२-४० मेसोथेलिओमाच्या बाजूचे. क्लॉडिन-४, बीईआर-ईपी४, पॅक्स-८ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर सहसा विरुद्ध बाजूचे. डब्ल्यूटी-१ हा मात्र दोन्ही घरचा पाहुणा. तो मेसोथेलिओमात रंगतो आणि अंडाशयाच्या सिरस प्रकारच्या कर्करोगातही, म्हणून या दोघांत निवड करायला तो निरुपयोगी. अहवालात फक्त डब्ल्यूटी-१ आणि कॅलरेटिनिन असतील तर पॅक्स-८ आणि क्लॉडिन-४ करून घ्यावेत. पेशीच्या केंद्रकातले बीएपी-१ हे प्रथिन हरवलेले असेल तर ती प्रतिक्रिया नसून कर्करोग आहे, याला मोठे बळ मिळते. शाबूत असेल तर काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या मतासाठी मुंबईला जाणाऱ्यांनी नुसत्या स्लाइडी नेऊ नयेत, तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्यावा. काडेपेटीहून लहान अशा त्या तुकड्यातूनच नवे काप काढून नवे रंग करता येतात.

राहिली कामाची चौकशी. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० साली दक्षिण आफ्रिकेतले फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवून ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाशी त्याचे नाते दाखवले. संपर्क आणि रोग यांत बहुधा २० ते ४० वर्षे जातात. पर्युदराच्या रोगात, विशेषतः स्त्रियांत, हे नाते तेवढे पक्के नाही; संपर्क आढळला नाही म्हणून निदान खोडता येत नाही. तरी विचारावे. केसपेपरवर व्यवसायापुढे ‘रिटायर्ड’ किंवा ‘गृहिणी’ एवढेच लिहिलेले असते. बॉयलरच्या पाइपांवरचे लेपन, सिमेंटचे पत्रे कापणे, अलंगला जहाजे तोडणे यांतले काही केले का, हे नावे घेऊन विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बाईला विचारायचा प्रश्न वेगळा : घरात कुणाचे धुळीने भरलेले कपडे धूत होतात?

अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यापासून १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर, ठेवावी असे त्यात सांगितले आहे. बडोद्याच्या रुग्णाच्या बाबतीत तो कागद मागता येतो, अर्थात कामगाराचे नाव मस्टरवर असेल तर.

उपचार निदानावर ठरतात. निवडक रुग्णांत दिसणारा सारा रोग कापून पोटात गरम केमोथेरपी फिरवतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतल्या ४०५ रुग्णांच्या आढाव्यात या पद्धतीने मध्यम आयुर्मान ५३ महिने आले, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. निदान चुकून अंडाशयाचा म्हणून उपचार सुरू झालेल्या रुग्णाला पेमेट्रेक्सेड हे मेसोथेलिओमाचे औषध मिळत नाही, अंडाशयाच्या कर्करोगाचे पॅक्लिटॅक्सेल मिळते.