भरपूर ऊन असूनही बेटावर डिझेल का जळते?

नाशिकमध्ये घरांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल दिसू लागल्यापासून एक तक्रार हमखास ऐकू येते. भर दुपारी लाइट गेली, डोक्यावर रणरणते ऊन होते, तरीही घरातला पंखा थांबला. मग एवढा खर्च करून मिळवले काय? पॅनेल बसवणाऱ्याने फसवले, असा निष्कर्ष त्यातून घाईने काढला जातो. हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारायचा झाला, तर वर्षातील बराच काळ ऊन आणि वारा लाभलेल्या लक्षद्वीपसारख्या बेटांना वीज बनवण्यासाठी मुख्य भूमीवरून जहाजाने डिझेल का न्यावे लागते, असा विचारता येईल. पॅनेल महाग असतात, हे त्याचे उत्तर आता पुरेसे नाही.

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. हा आकडा जनित्रांच्या फिरण्यातून येतो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातील टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 50. आणि 2013 च्या 31 डिसेंबरला दक्षिणेचे वीजवाहिन्यांचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेल्यापासून भारतभरातील अशी जनित्रे एकाच तालात फिरत आहेत. मागणी अचानक वाढली किंवा एखादे केंद्र बंद पडले, तर त्या क्षणाची तूट इंधनातून भरून निघत नाही, कारण झडप उघडून जास्त वाफ यायला वेळ लागतो. ती तूट फिरणाऱ्या पोलादाच्या गतिज ऊर्जेतून भरली जाते, त्यामुळे जनित्रे मंदावतात आणि वारंवारिता, म्हणजे सेकंदाची आवर्तने, उतरते. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचे जड चाक दोन स्फोटांच्या मधला काळ जसे निभावून नेते, तसेच हे आहे.

आता थोडे गणित करू. समजा, एका लहान बेटावरील डिझेल जनित्रांच्या फिरण्यात 20 मेगाज्यूल ऊर्जा साठलेली आहे आणि 2 मेगावॉटची एक पवनचक्की एकाएकी बंद पडली. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वारंवारिता 50 वरून 49 वर, म्हणजे 2 टक्क्यांनी, उतरताना ऊर्जा सुमारे 4 टक्क्यांनी, म्हणजे 0.8 मेगाज्यूलने घटते. 2 मेगावॉट म्हणजे सेकंदाला 2 मेगाज्यूल, आणि या दराने ती संपायला 0.4 सेकंद पुरतात. ऊन चांगले आहे म्हणून निम्मी डिझेल जनित्रे आधीच बंद ठेवली असतील, तर 0.2 सेकंदच हाती उरतात आणि तेवढ्यात कोणतेही इंजिन जोर धरू शकत नाही. मे 2024 मध्ये अडीच लाख मेगावॉटची मागणी पेललेल्या भारताच्या जाळ्याला 2 मेगावॉट गेल्याचे जाणवणारही नाही. बेटावर मात्र तेवढ्याने अंधार होऊ शकतो.

सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते. नेहमीचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज जाळ्याच्या विजेशी जुळवून देणारे यंत्र, जाळ्यातली 50 आवर्तनांची लहर ओळखून तिच्या मागे आपली वीज सोडतो. लहर नाहीशी झाली की तो स्वतःहून थांबतो, आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी त्याने थांबलेच पाहिजे. स्वतः लहर निर्माण करणारे इन्व्हर्टरही असतात. त्यांच्या जोडीला बॅटरी लागते, आणि ती काही मिलिसेकंदांत तूट भरू शकते.

20 मार्च 2015 च्या सूर्यग्रहणात जर्मनीची सौरवीज झपाट्याने उतरली आणि चढली. तेथील अभियंत्यांनी तिचा हिशोब आधीच मांडून ठेवला होता आणि दिवस सुरळीत पार पडला. सावलीचा मिनिटामिनिटाचा हिशोब आधी करता येतो, म्हणून वीज सांभाळणाऱ्याला ग्रहणापेक्षा भटक्या ढगाचीच धास्ती जास्त.

स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील एल हिएरो या बेटाने वीज साठवायला आणि अशी तूट भरायला डोंगराचा उपयोग केला. तेथील 2014 साली सुरू झालेल्या प्रकल्पात 2.3 मेगावॉटच्या पाच पवनचक्क्या असून जास्तीच्या विजेवर पाणी सुमारे 650 मीटर उंचावरील जुन्या ज्वालामुखीच्या विवरात चढवले जाते. वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडले जाते. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की अनेकदा पंप आणि टर्बाइन दोन्ही एकाच वेळी चालतात. वरकरणी हा शुद्ध अपव्यय आहे. पण टर्बाइनचे फिरते वस्तुमान जाळ्याला जडत्व, म्हणजे क्षणाची तूट पेलण्याची ताकद, देते आणि पंपांचा भार क्षणात कमी-जास्त करून वारंवारिता 50 वर धरता येते. 2019 मध्ये या बेटाने सलग तीन आठवड्यांहून अधिक काळ डिझेलशिवाय काढला. वर्षभराचा हिशोब केला तर मात्र स्वच्छ विजेचा वाटा निम्म्याच्या आसपास राहतो, हे "शंभर टक्के हरित बेट" अशा मथळ्यांत सांगितले जात नाही.

पाणी चढवण्या-उतरवण्याची हीच युक्ती इगतपुरीपलीकडे घाटघरला 250 मेगावॉट क्षमतेने वापरली जाते, कारण सह्याद्रीचा कडा तेथे आयताच उभा आहे. लक्षद्वीपची प्रवाळबेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर असल्याने तेथे हा मार्ग बंद आहे आणि बॅटरीवाचून गत्यंतर नाही. लक्षद्वीपमधील कवरत्तीला जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या सौर प्रकल्पाला म्हणूनच बॅटरीची जोड आहे. रात्रीची सोय तिने होईल, पण जून ते सप्टेंबरच्या ढगाळ महिन्यांची होणार नाही. त्याच महिन्यांत नैऋत्य मोसमी वारा तेथे सर्वांत जोरात वाहतो, त्यामुळे पॅनेलांच्या जोडीला पवनचक्क्यांचा विचार तेथे करावाच लागेल.