छत्तीस नंबरचं भोक

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून काकांचा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं कार्बोरेटर सहा महिन्यात खलास, इंजिन जाम, आणि गाडी वाचवायची असेल तर खालील उपाय करा, त्यात टाकीत कसलेतरी थेंब टाका, पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधा, टाकीच्या तोंडाला प्लास्टिक लावून वरून झाकण गच्च बसवा म्हणजे हवेतलं पाणी आत जाणार नाही, असलं सगळं. दहा जणांना पाठवा हे होतंच. त्याखाली काकांची स्वतःची ओळ, "माझी आरएक्स पण दहा मिनिटं पळून बंद पडाय लागलीया, ह्या पेट्रोलनंच नव्हं?"

योगायोग असा की त्याच शनिवारी मी इथे इंग्लंडमध्ये लीड्सजवळ घरच्या गॅरेजमध्ये माझ्या बंद पडलेल्या ट्रायल्स बाईकपुढे उकिडवा बसलो होतो. त्यामुळे फार विचार न करता मी मोठ्या अधिकारानं कळवून टाकलं, "काका, पेट्रोलला शिव्या देऊ नका, पायलट जेट साफ करून घ्या." (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, आणि पायलट जेट हे त्यातलं बारीक भोकाचं पितळी नळकांडं.) हा सल्ला माझ्या गाडीसाठी शंभर टक्के बरोबर होता. काकांच्या गाडीचं शेवटी सांगतो.

ट्रायल्स म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडे मोटोक्रॉस माहीत असतं, हे नसतं. ही शर्यत नाही. दगड, ओढे, झाडांची मुळं, कंबरभर उंचीचे कातळ असा आखून दिलेला पट्टा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला १ गुण, दोनदा टेकला २, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी ३, पडलात किंवा अडकलात की ५, आणि सगळ्यात कमी गुण त्याचा नंबर पहिला. गाडीला बसायला सीट जवळजवळ नसतेच, वजन सत्तर किलोच्या आसपास, टाकी तीनेक लिटरची. यॉर्कशर, म्हणजे आमचा हा भाग, ह्या खेळाचं जुनं घर, इथली स्कॉट ट्रायल १९१४ मध्ये सुरू झाली (तिच्यात घड्याळही मोजतात, तो अपवाद). पूर्वी ह्या खेळात जड फोर-स्ट्रोक चालायच्या, मग सॅमी मिलरनं आपली ५०० सीसीची एरियल सोडून बुल्टाको ह्या स्पॅनिश कंपनीची हलकी टू-स्ट्रोक घेतली, १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल तिच्यावर जिंकली, आणि फोर-स्ट्रोकचे दिवस फिरले. आता टोनी बो फोर-स्ट्रोक मोन्तेसावर २००७ ते २०२४ दरवर्षी जगज्जेता झालाय, पण आमच्यासारख्या रविवारच्या हौशी लोकांच्या गॅरेजात अजून टू-स्ट्रोकच दिसते, कारण ती घरी खोलता येते.

माझी गाडी वीसेक वर्षं जुनी, स्पेनमध्ये बनलेली, २५० सीसी, कार्बोरेटर इटलीचा, डेलॉर्तो पीएचबीएल २६. हिवाळ्यापासून उभीच होती. चोक ओढून किक मारली की सुरू व्हायची, चोक बंद केला की मरायची. रेस धरून ठेवली तर चालायची पण सोडली की फट्. एखादा म्हणेल मग रेस धरून चालव की. इथेच ट्रायल्सची गोम आहे. ह्या खेळात थ्रॉटल, म्हणजे रेस दिल्यावर उघडणारी झडप, जवळजवळ बंदच असतो. कातळापुढे क्लच दाबून तोल सांभाळत उभं राहायचं, इंजिन आयडलवर (रेस न देता नुसतं सुरू), आणि मग केसभर रेस देऊन वर जायचं. त्या केसभराला इंजिननं उत्तर दिलं नाही की पाय खाली, एक गुण चढला. कार्बोरेटरमध्ये पूर्ण रेससाठी मेन जेट असतो, मधल्या भागाला सुई सांभाळते, आणि अगदी खालचा आठवा हिस्सा, फार तर पाव थ्रॉटलपर्यंत, पायलट जेटच्या हातात. रस्त्यावरच्या गाडीला पायलट जेट म्हणजे सिग्नलला उभं राहण्याची सोय. ट्रायल्सच्या गाडीचा अर्धा जन्म त्यावरच जातो.

आता जी गोष्ट मला मनापासून आवडते तिच्याकडे येतो. आपण म्हणतो इंजिन पेट्रोल ओढतं. ओढत नाही. शहाळ्यात स्ट्रॉ घालून पिताना पाणी आपण ओढतो असं वाटतं, पण तोंडात दाब कमी होतो आणि शहाळ्यातल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा ते पाणी स्ट्रॉमधून वर ढकलते. खात्री करायची असेल तर स्ट्रॉच्या भोवतीचं भोक कणकेनं गच्च लिंपा आणि प्या, दोन घोटांत पाणी यायचं थांबेल, कितीही गाल आत घ्या. कार्बोरेटरखालची वाटी म्हणजे शहाळं. तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी बारीक नळी असते. थ्रॉटल बंद असताना त्याच्या इंजिनकडच्या बाजूला दाब घटतो, तिथे एक सूक्ष्म भोक उघडतं, आणि वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबानं पायलट जेटमधून चढून त्या भोकातून फवारतं. वाटेत त्यात थोडी हवा मिसळलेली असते म्हणून ते फेसाळून येतं. एवढाच मामला, पण किती पेट्रोल जाणार हे मुख्यतः पायलट जेटच्या भोकावर ठरतं.

डेलॉर्तोच्या जेटवर आकडा कोरलेला असतो तो भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. माझ्या जेटवर ३६ आहे, म्हणजे ०.३६ मिमी. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी धरा, म्हणजे पाच केस शेजारी शेजारी ठेवले की भोक भरलं. गाडी उभी राहते तेव्हा वाटीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याचं हवेशी ऑक्सिडेशन होऊन डिंकासारखा चिकट थर होतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असल्यामुळे तेही चिकटून बसतं. समजा भोकाच्या आतल्या भिंतीवर सगळीकडून फक्त ०.०२ मिमी थर बसला. केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. व्यास ०.३६ चा ०.३२ झाला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, म्हणून ३२ भागिले ३६, त्याचा वर्ग, ०.७९. एकवीस टक्के वाट बंद. आणि हे अजून सौम्य आहे, कारण क्षेत्रफळाचा हिशोब पातळ पत्र्याला पाडलेल्या भोकाला चालतो. लांब बारीक नळी असेल तर द्रव भिंतीला घासत जातो, मधला पळतो कडेचा रेंगाळतो, आणि प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे ०.७९ चा पुन्हा वर्ग, ०.६२, अडतीस टक्के घट. जेट हा ह्या दोन्हीच्या मधला प्राणी आहे, भोक लहान होईल तसं आणि प्रवाह मंद होईल तसं घासण्याचं पारडं जड होत जातं म्हणून खरी घट एकवीस आणि अडतीसच्या मध्ये कुठेतरी. (इथे जांभई आली असेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, फक्त एकवीस हा आकडा लक्षात ठेवा.)

आता ई२० चा हिशोब. साध्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला हवा लागते १४.७ किलो. इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, त्याला ९ किलोच पुरते. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाला साधारण १३.५. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटरला डोकं नसतं, तो पूर्वीच्याच मापानं ओततो, म्हणजे मिश्रण आठेक टक्के लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी). इथे इंग्लंडमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्के इथेनॉलचं) आहे, त्यात मिश्रण चारेक टक्के लीन. आठ टक्के आणि चार टक्के एका बाजूला, न दिसणाऱ्या थरानं केलेले एकवीस दुसऱ्या बाजूला. ई२० अगदी साधुसंत आहे असं नाही, जुन्या रबरी नळ्या, वायसर ह्यांना ते मानवत नाही, लिटरमागं ऊर्जा सहासात टक्के कमी म्हणून ॲव्हरेज पडतं, आणि ते पाणी धरतं हे तर खरंच. ई१० मध्ये लिटरला पाचेक मिलि पाणी विरघळून राहतं, त्याहून वाढलं किंवा थंडी वाढली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होऊन तळाला बसतं. वाटीच्या तळाला पांढरी पावडर दिसली तर ही भानगड. पण बऱ्याचशा गाड्या उभ्या राहून बिघडतात, पेट्रोलच्या जातीमुळे नाही. हिवाळ्याआधी वाटी रिकामी करायची एवढं मी केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

लोहचुंबकाचं एका वाक्यात सांगतो, पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, पाइपला बांधून जळण्यात काडीचा फरक पडत नाही, फक्त विकणाऱ्याचं ॲव्हरेज वाढतं. मी खंडेनवमीला गॅरेजमधल्या पान्यांना हळदकुंकू वाहतो, हँडलला इथे मिळेल ते पिवळं फूल लावतो, पण त्यानं जेट साफ होईल असं मी देवालाही सांगत नाही.

तर साफसफाई. कार्बोरेटर खोलताना खाली आईनं दिलेली कोल्हापूरची स्टीलची परात ठेवतो, कारण हा जेट तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि गॅरेजच्या फरशीवर पडला की टण्ण आवाज येतो आणि मग तासभर काहीच येत नाही. माप बरोबर असलेलाच स्क्रूड्रायव्हर वापरायचा, पितळ मऊ असतं, खाच एकदा खाल्ली की मग रडत बसा. जेट खिडकीकडे धरून डोळा लावला, मधोमध उजेडाचा ठिपका दिसला, दिसला म्हणजे साफ असं मात्र नाही, तो ०.०२ चा थर डोळ्याला कळतच नाही. कडा किंचित तांबूस, ठिपका जरासा चपटा, एवढंच. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवला. स्टीलची तार किंवा सुई घालायची नाही, पितळ खरवडलं जाऊन भोक मोठं झालं तर छत्तीसचा अडतीस होतो आणि ती चूक परत येत नाही. लहानपणी कोल्हापुरात आमच्या गल्लीतला मिस्त्री घरगुती वायर सोलून तिच्यातला तांब्याचा एकच तंतू काढायचा आणि तो जेटमधून ओवायचा. तेव्हा जुगाड वाटायचा. तसला तंतू साधारण ०.२ मिमीचा असतो आणि तांबं पितळेपेक्षा मऊ, म्हणजे झिजला तर तंतू झिजेल, जेट नाही. मटेरियल सायन्सचा पेपर न देता पास झालेला माणूस. मीही तेच केलं, वरून हवा मारली, आणि तिसऱ्या किकला गाडी आयडलवर उभी राहिली.

मग मिश्रणाचा स्क्रू. हा एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर फिरवला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल सोडतो, बाहेर फिरवला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. हे उलटसुलट करून लोक अख्खा रविवार घालवतात. इंजिन गरम झाल्यावर रेस देऊन सोडा, आवाज वर लटकत राहून सावकाश उतरला तर लीन, धपकन खाली जाऊन मग सावरला तर रिच. स्क्रूला हात लावण्याआधी इंजिन आणि कार्बोरेटरमधलं रबर वाकवून चिरा बघा, तिथून हवा आत जात असेल तर स्क्रू कितीही फिरवा. लीन टू-स्ट्रोक जास्त तापते, पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही तिला कमी मिळतं, आणि पिस्टन सीझ झाला की मग खरा खर्च. बाकी घरची कामं सोपी आहेत, फोमचा फिल्टर धुऊन तेल लावून परत बसवणं, गिअर ऑइल, चेन, आणि मागच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा, हो, चारच, चुकून लिहिलेलं नाही.

आता काकांचं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी गाडी नेली, कार्बोरेटर खोलला, तीनशे रुपये दिले, आणि गाडी परत दहा मिनिटं पळून बंद. फोनवर म्हणाले, "लेका, तुझं भोक साफ केलं की, उपयोग काय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की पायलट जेट तुंबलेली गाडी आयडलला मरते, दहा मिनिटं झक्क पळून मग मरत नाही. मी विचारलं, बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडता तेव्हा काही आवाज येतो का?

"येतो की. फुस्स करून. आन् मग परत चालू हुती."

"झाकणाखाली काय आहे काका?"

थोडा वेळ ते गप्प. मग म्हणाले, "दुधाची पिशवी लावलीया, दोन पदरी. तो मेसेज आला तवापासनं."