घरोघरी नवजात बाळसेवा (एचबीएनसी)

बाळ जन्मल्यावर पहिला महिना-दीड महिना गावातल्याच ट्रेनिंग घेतलेल्या बाईनं घरी जाऊन त्याला तपासायचं, वजन करायचं, अंग गरम आहे की गार पडलंय ते बघायचं, आईला अंगावर पाजायला मदत करायची आणि धोका दिसला की लगेच पुढची हालचाल करायची, या पद्धतीला घरोघरी नवजात बाळसेवा म्हणतात. आरोग्य खात्यात सगळे एचबीएनसीच (होम बेस्ड न्यूबॉर्न केअर) म्हणतात. आज देशभर आशाताई हे काम करतात पण याची सुरुवात झाली गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1985-86 च्या सुमाराला काढलेल्या 'सर्च' संस्थेत.

सुरुवात झाली ती मोजण्यापासून. गावागावात किती बाळं जन्मली, किती गेली, कशानं गेली याची नोंद 'सर्च'ने स्वतः ठेवायला घेतली, आणि 1988 च्या सुमाराचा आकडा निघाला हजारी 121 म्हणजे जन्मलेल्या दर हजारात 121 बाळं वर्षाच्या आत जात होती. आधी न्यूमोनिया हातात घेतला. गावातल्या दाया आणि आरोग्यसेवकांना बाळाचे श्वास मोजून औषध द्यायला शिकवलं. ज्या दायांना आकडे मोजायला जड जायचं त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, पण मग दिसलं की उरलेली बहुतेक बाळं पहिल्याच महिन्यात जातायत आणि तिथे डॉक्टर पोचतच नाही, कारण जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच व्हायची, दवाखाना लांब, शिवाय बाळंतिणीला आणि बाळाला बाहेर काढायचं नाही हा रिवाज.

मग 39 गावांत 'आरोग्यदूत' नेमल्या. पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावच्या बाया. त्या बाळंतपणाला दाईबरोबर हजर राहायच्या, बाळ रडलं नाही तर मास्क लावून श्वास द्यायच्या, कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायच्या, आणि जंतुसंसर्गाची म्हणजे सेप्सिसची लक्षणं दिसली की घरच्यांची संमती घेऊन जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायच्या. शेजारची 47 गावं तुलनेला होती. 1995 ते 1998 हा प्रयोग चालला. नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू, हजारी 62 वरून साधारण 25 वर आला, तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

इथून पुढचा भाग खरा अवघड, आणि आरोग्यव्यवस्थेत बदल कसा होतो हे शिकायचं तर तोच नीट वाचायला हवा. पाचवी-दहावी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार हे बऱ्याच डॉक्टरांना पटणारं नव्हतं, आणि दुसरा आक्षेप असा की हे गडचिरोलीत बंगांच्या देखरेखीखाली झालं, दुसरीकडे होईल कशावरून. याला उत्तर म्हणून 2001 ते 2005 मध्ये 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात तेच काम केलं आणि तिथेही मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. नंतर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने पाच राज्यांत करून बघितलं. त्याच सुमाराला 2001 मध्ये राज्यातल्या 13 संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, त्यातून सरकारी दप्तरात बालमृत्यू किती कमी नोंदले जातात ते पुढे आलं आणि विषय पेपरात, विधानसभेत गेला. नुसता शोधनिबंध असता तर इतकं हललं नसतं असं वाटतं, पुरावा होता आणि त्याच्या मागे लोकांचा रेटाही होता.

2005 पासून ग्रामीण आरोग्य अभियानामुळे गावोगाव आशा आल्या आणि 2011 मध्ये केंद्राने एचबीएनसी त्यांच्याकडे सोपवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. भेटी पूर्ण झाल्या की आशाला 250 रुपये ठरले. बाळाच्या दारात दीड महिना जाऊन जबाबदारी घेणाऱ्या बाईला ही रक्कम फारच कमी आहे.

देशभर जाताना काही गोष्टी गळल्या. इंजेक्शन आशांच्या हातात दिलं गेलं नाही, 2014 मध्ये एएनएमना म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईंना जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली. गडचिरोलीत दर थोड्या दिवसांनी सुपरवायझर येऊन आरोग्यदूताचं काम बघायचा, चूक तिथेच सुधारायचा, ती घट्ट देखरेख सगळीकडे काही जमली नाही, आणि याच दोन गोष्टींवर मूळ प्रयोगाचं बरंच यश उभं होतं. भारताचा नवजात मृत्युदर 2011 मध्ये हजारी 31 होता, 2020 मध्ये 20 झाला. अर्थात यात दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, जिल्ह्याजिल्ह्यात आजारी नवजात बाळांचे कक्ष झाले त्याचाही मोठा वाटा आहे, सगळं श्रेय एकट्या एचबीएनसीला देता येणार नाही. 2018 पासून याच धर्तीवर तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी एचबीवायसी (होम बेस्ड केअर फॉर यंग चाइल्ड) सुरू झालं, त्याच्या भेटीही आशाताईच करतात.