जुना मोबाईल भंगारात द्यायच्या आधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर पिशव्या यायला लागतात, कुणाचा बंद पडलेला की-पॅड फोन, कुणाचे चार-पाच तुटके चार्जर, एखादा तर माळ्यावरचा डबा मॉनिटरच रिक्षात घालून आणतो, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, भंगारवाल्याला देऊन टाकू का?"

नका देऊ. भंगारवाल्यावर आमचा राग नाही हो, त्याचं पोट त्यावर आहे, पण पुढे काय होतं बघा. तांब्यासाठी वायरी जाळतात, वरचं पीव्हीसी जळलं की डायऑक्सिनसारखा विषारी धूर. आतल्या सर्किट बोर्डावरचं सोनं काढायला तो अ‍ॅसिडमध्ये बुडवतात आणि उरलेलं अ‍ॅसिड गटारात. दिल्लीच्या सीलमपूरला हे वर्षानुवर्षं उघड्या हातांनी चालत आलंय. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला नीट गोळा होऊन रिसायकल झाला जेमतेम 22 टक्के, हा आकडा युनोचा आहे, आमचा नाही.

आम्हाला खरी धास्ती फुगलेल्या बॅटरीची. मागचं झाकण पुरीसारखं वर आलं की फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि टाचणी टोचून हवा काढायला तर अजिबात जाऊ नका (लोक करतात!). घंटागाडीतही नको, तिथे कचरा दाबताना बॅटरी आत शॉर्ट होऊन पेट घेते. एक काका अशी बॅटरी शर्टाच्या खिशात किल्ल्यांबरोबर घालून आले होते, आमचेच हात थरथरले, लगेच कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

1 एप्रिल 2023 पासूनच्या ई-कचऱ्याच्या नियमांनी रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, पण कंपनी काही तुमच्या माळ्यावर चढणार नाही. म्हणून वस्तू आमच्याकडे आणा. दुरुस्त होत असेल तर आधी तेच सांगू, नाहीतर नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे पाठवतो. पैसे मिळणार नाहीत, भंगारवाला दहा-वीस रुपये देईल, ते खरंय. सिम, मेमरी कार्ड काढा, जीमेल लॉगआउट करून रिसेट मारा. हार्ड डिस्क नुसती फॉरमॅट करून भागत नाही, तुमच्यासमोर ड्रिल मारून देतो.

ट्यूबलाइट आणि सीएफएल मात्र घेत नाही, त्यात पारा असतो आणि आमच्याकडे जागा नाही, ते वेगळे गुंडाळून घंटागाडीवाल्याला सांगून द्या. ई-कचऱ्याचा डबा काउंटरच्या डाव्या हाताला आहे, सोमवारी दुकान बंद.