क्लस्टर डोकेदुखीवरचा ऑक्सिजन : उपाय जुना, मान्यता उशिराची

क्लस्टर डोकेदुखीचा, म्हणजे डोक्याच्या एकाच बाजूला घोळक्याने येणाऱ्या तीव्र दुखण्याचा, झटका थोपवण्यासाठी आज दोन उपाय पहिल्या पसंतीचे मानले जातात : सुमाट्रिप्टानचे त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन आणि मास्कमधून वेगाने घेतलेला शुद्ध ऑक्सिजन. इंजेक्शनची निर्णायक चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत त्याला १९९२ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. ऑक्सिजनचा वापर मात्र १९५० च्या दशकाच्या आरंभापासून वैद्यकीय लेखनात नोंदलेला आहे. तरीही त्याच अमेरिकेत, सरकारी विम्यावर असलेल्या रुग्णाला घरच्या सिलिंडरचा खर्च मिळण्यातला राष्ट्रीय पातळीवरचा अडसर दूर व्हायला २०२१ चा सप्टेंबर उजाडावा लागला. हा उलटा क्रम कसा घडला, हे पाहिल्याशिवाय या आजाराच्या उपचारांचे आजचे चित्र नीट कळत नाही.

आजाराच्या वर्णनांचा माग सतराव्या शतकातील डच वैद्यकापर्यंत नेता येतो, पण उपचारांच्या दृष्टीने खरी सुरुवात १९३९ ची. त्या वर्षी एका अमेरिकन रुग्णालयातील डॉक्टरांनी या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्याचा संबंध हिस्टामिन या शरीरातील रसायनाशी जोडला. पुढे ‘हिस्टामिन डोकेदुखी’ हे नाव रूढ झाले व रुग्णांना हिस्टामिनचेच अल्प डोस देऊन त्याची सवय लावण्याचा उपचार बराच काळ चालला. १९७० च्या दशकाअखेर हिस्टामिनरोधक औषधांच्या चाचण्या निष्फळ ठरल्यावर ही समजूत मागे पडली. ‘क्लस्टर’ हे नाव १९५२ मधील एका शोधनिबंधातील ‘घोळक्याने येणारे झटके’ या वर्णनातून आले. ते कारणाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणूनच कदाचित टिकले. मराठीत मात्र डोक्याच्या एकाच बाजूला होणारे प्रत्येक दुखणे ‘अर्धशिशी’ या एका शब्दात जमा होते. त्यामुळे क्लस्टरचा रुग्ण आधी मायग्रेनच्या गोळ्या, मग सायनसचे उपचार आणि प्रसंगी दाढ काढून घेणे, अशी वाट तुडवून योग्य निदानापर्यंत पोहोचतो. दाढ निघते आणि झटका दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हजर असतो.

ऑक्सिजनचे पद्धतशीर मोजमाप १९८१ मध्ये झाले. ५२ रुग्णांना मिनिटाला ७ लिटर या वेगाने १५ मिनिटे ऑक्सिजन देण्यात आला आणि सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना फायदा झाला. १९८५ मध्ये १९ पुरुषांवर, मिनिटाला ६ लिटर वेगाने, ऑक्सिजन आणि साधी हवा यांची तुलना झाली. त्यानंतर जवळजवळ पाव शतक मोठी चाचणी झालीच नाही. ऑक्सिजनवर कोणाचे पेटंट नाही आणि चाचणीचा खर्च उचलून पुढे नफा मिळवील असा त्याचा कोणी मालकही नाही, हे त्याचे एक कारण उघड आहे. सुमाट्रिप्टानच्या १९९१ च्या चाचणीत अवघे ३९ रुग्ण होते. ६ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनानंतर १५ मिनिटांत ७४ टक्के झटक्यांत आराम पडला, तर निष्क्रिय इंजेक्शनाने २६ टक्के. हे इंजेक्शन खरोखर परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण ते दिवसातून दोनदाच घेता येते, हृदयविकार असलेल्यांना वर्ज्य असते, आणि या आजारात दिवसाला आठपर्यंत झटके येऊ शकतात. तिसऱ्या झटक्याला काय करायचे, याचे उत्तर ऑक्सिजनकडेच होते.

ते उत्तर आकड्यांत मांडणारी ब्रिटिश चाचणी २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. १८ ते ७० वर्षे वयाच्या १०९ रुग्णांना तीत घेण्यात आले आणि ऑक्सिजनचा वेग मिनिटाला १२ लिटर ठेवण्यात आला. पंधराव्या मिनिटाला वेदना थांबल्याचे किंवा पुरेशी कमी झाल्याचे प्रमाण ऑक्सिजनच्या बाबतीत ७८ टक्के, तर हवेच्या बाबतीत २० टक्के निघाले. सुमाट्रिप्टानच्या चाचणीच्या शेजारी हे आकडे ठेवले, तर ऑक्सिजन कुठेही उणा दिसत नाही.

तरीही अवघ्या वर्षभरानंतर, ४ जानेवारी २०११ रोजी, अमेरिकेतील वृद्ध व अपंगांसाठीच्या सरकारी विमा योजनेने क्लस्टर डोकेदुखीसाठी घरी ऑक्सिजन देण्याचा खर्च मंजूर करण्यास नकार दिला. योजनेच्या लाभार्थ्यांना या उपचाराचा फायदा होतो असे दाखवणारा पुरावा पुरेसा नाही, अशी भूमिका घेण्यात आली आणि मान्यताप्राप्त चाचणीत सहभागी असलेल्या रुग्णापुरतीच सवलत ठेवण्यात आली. हा निर्णय पुढे दशकभर वादाचा विषय राहिला आणि त्यातील तर्क बारकाईने पाहण्याजोगा आहे.

योजनेचा घरगुती ऑक्सिजनचा मूळ नियम फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी लिहिलेला होता. धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, अथवा संपृक्तता ८८ टक्के किंवा त्याहून कमी असली, तर खर्च मिळे. क्लस्टरच्या रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन कमी नसतोच. त्याला तो उणीव भरून काढण्यासाठी नव्हे, तर औषध म्हणून, भरपूर मात्रेत आणि थोडाच वेळ हवा असतो. त्यामुळे या नियमाच्या फुटपट्टीने मोजल्यास या रोगाचा एकही रुग्ण पात्र ठरणार नव्हता, आणि स्वतंत्र निर्णयाची गरज होती ती नेमकी याचसाठी. तो निर्णय घेताना पुराव्याची अपेक्षा ठेवणे गैर नव्हे. सरकारी पैसा खर्च करणाऱ्याने ती ठेवलीच पाहिजे, आणि त्या वेळी नियंत्रित चाचण्या मोजक्याच होत्या, हेही खरे. परंतु पुरावा योजनेच्याच लाभार्थ्यांवरचा हवा, हा आग्रह पचायला जड जातो. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. ६५ च्या पुढच्या पुरेशा रुग्णांना गोळा करून वेगळी चाचणी करा, असे सांगणे म्हणजे दरवाजा उघडा आहे म्हणायचे आणि उंबरठा छातीइतका उंच बांधायचा. शिवाय ६५ खालील अपंग व्यक्तीही त्याच योजनेत येतात आणि त्यांचे वय चाचणीतील रुग्णांपेक्षा वेगळे नव्हते. विरोधाभास असा की, त्याच आजारासाठी कितीतरी महाग आणि हृदयाला अधिक जोखमीचे इंजेक्शन अशा वयोमर्यादेच्या प्रश्नाला सामोरे न जाता वापरात राहिले. वेल्डिंगसाठीचा औद्योगिक ऑक्सिजन आणून वापरणारे रुग्ण पुढे तेथील पाहण्यांत आढळू लागले.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी हा नकार रद्द झाला आणि खर्चाचा निर्णय विभागवार दावे हाताळणाऱ्या यंत्रणांवर सोपवण्यात आला. म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे; बंदी उठली, इतकेच.

झटका थोपवणे आणि झटक्यांचे पर्व आटोक्यात आणणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामातला पुरावा अजूनही पातळ आहे. मनोविकारांवर वापरले जाणारे लिथियम १९७० च्या दशकात आले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे व्हेरापामिल आज प्रतिबंधाचे मुख्य औषध असले, तरी त्याची २००० मधील गाजलेली चाचणी ३० रुग्णांची होती. या आजारात त्याची मात्रा हृदयरुग्णांना देतात त्याहून बरीच वाढवावी लागते. २००७ मधील एका अभ्यासात ईसीजी काढलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ठोक्यांची अनियमितता दिसल्यापासून प्रत्येक वाढीव मात्रेनंतर ईसीजी काढण्याची शिफारस केली जाते. स्टेरॉइड अनेक दशके अनुभवाच्या जोरावर दिले जात होते. प्रेडनिसोनची नीट आखलेली चाचणी २०२१ मध्ये आली. तीत पहिल्या आठवड्यातील झटक्यांची सरासरी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ९.५, तर प्रेडनिसोन घेणाऱ्यांत ७.१ निघाली.

१९९८ मध्ये मेंदूच्या प्रतिमांत झटक्याच्या वेळी हायपोथॅलॅमसचा, म्हणजे शरीराचे दैनंदिन घड्याळ सांभाळणाऱ्या केंद्राचा, भाग सक्रिय झालेला दिसला आणि झटके घड्याळ लावल्यासारखे का येतात, याला आधार मिळाला. त्यातून मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याचा प्रयोग झाला. पण एका रुग्णाचा रक्तस्रावाने मृत्यू झाल्यावर ओढा कमी धोक्याच्या मार्गांकडे वळला. मानेवर धरून व्हेगस मज्जातंतूला उत्तेजन देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळाली. गॅल्कनेझुमॅब या महिन्याला ३०० मिलिग्रॅम द्यायच्या इंजेक्शनाला तेथे जून २०१९ मध्ये मान्यता मिळाली, तीही मधूनमधून पूर्ण थांबणाऱ्या प्रकारापुरती. युरोपच्या औषध नियामकाने त्याच माहितीवरून २०२० मध्ये नकारात्मक मत दिले.

आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर आणि नॉन-रिब्रीदर मास्क हे शब्द घरोघरी पोहोचवले, आणि त्याच काळात घेतलेली यंत्रे अनेक घरांत आजही पडून आहेत. त्यांपैकी मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर या दुखण्यासाठी तोकडा पडतो, कारण येथे १२ ते १५ लिटरचा वेग आणि श्वासागणिक शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन लागतो. एका झटक्याला १२ लिटरच्या वेगाने १५ मिनिटे म्हणजे १८० लिटर धरले, तर दीड घनमीटरचा ‘बी टाइप’ सिलिंडर जेमतेम आठ झटके पुरतो आणि सात घनमीटरचा जम्बो अडतीसेक. क्लस्टरच्या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे डॉक्टर सिलिंडर लिहून देताना काडेपेटी आणि सिगारेट त्या खोलीबाहेर ठेवण्याची ताकीदही देतात.